पोळ्यावरचे सावट

मार्गशीर्ष उलटून थंडी स्थिरावली की कोलकात्याच्या उत्तरेस व पूर्वेस पसरलेल्या नदिया आणि उत्तर चोवीस परगणा या जिल्ह्यांत मोहरीची शेते पिवळ्या फुलांनी भरून जातात. याच सुमारास शेतांच्या बांधांवर, आमराईच्या कडेला लाकडी पेट्यांच्या रांगा दिसू लागतात. या पेट्या फिरत्या मधपाळांच्या असतात. मोहरीचा बहर ओसरला की त्या ट्रकवर चढतात आणि लिचीच्या बागांकडे, तेथून तिळाच्या शेतांकडे, कधी सुंदरबनाच्या काठाकडे, तर पावसाळ्याच्या अखेरीस पश्चिमेकडील जिल्ह्यांतील निलगिरीच्या लागवडीकडे निघतात. फुलांच्या मागोमाग जाणारा हा व्यवसाय वरवर पाहता रमणीय वाटतो. परंतु प्रत्येक पेटीत वीस ते चाळीस हजार सजीवांचे एक नगर वसलेले असते आणि कोणत्याही दाट वस्तीच्या नगराप्रमाणे तेही साथीच्या रोगांना, परोपजीवींना आणि दूषित परिसराला बळी पडू शकते. त्या नगराचे आरोग्य बिघडले तर मधपाळाचे भांडवल तर बुडतेच. पण त्याहून मोठे नुकसान शेजारच्या शेतकऱ्याचे होते, आणि त्याला ते बहुधा उमगतही नाही.

मधमाशीचे महत्त्व केवळ मधापुरते नाही. जगातील प्रमुख ११५ अन्नपिकांपैकी ८७ पिकांना फळ अथवा बी धरण्यासाठी कीटकांची किंवा अन्य प्राण्यांची कमीअधिक मदत लागते, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात आढळले. भात, गहू, मका यांचे परागीभवन वाऱ्यावर किंवा आपसूक होते. परंतु काकडी, भोपळा, दोडके, मोहरी, तीळ, लिची, आंबा, डाळिंब, सूर्यफूल यांच्या उत्पादनात मधमाशीचा वाटा लक्षणीय असतो. पोट भरणारे धान्य तिच्यावाचून पिकेल; ताटातील भाजी, फळ आणि तेल मात्र तिच्या कष्टांशी बांधलेले आहे.

कोलकाता आणि मधमाशीचा अभ्यास

मधमाशीच्या अभ्यासाशी कोलकात्याचा संबंध जुना आहे. हलत्या चौकटींच्या आधुनिक पेटीत मधमाशा पाळण्याचे भारतातील आरंभीचे प्रयत्न १८८० च्या दशकात बंगालमध्येच झाले. टपाल व तार खात्यात काम करणारे डग्लस हे त्यातील अग्रणी होत. त्यांनी १८८४ मध्ये भारतातील मधमाशीपालनावर एक हस्तपुस्तिकाही प्रसिद्ध केली. पुढे १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे मुख्यालय याच शहरात आहे आणि देशभरातील कीटकांचे नमुने तेथे जतन केले आहेत. अलीकडच्या काळात कोलकाता विद्यापीठातील परागीभवन अभ्यास केंद्राने, प्राध्यापक पार्थिब बसू यांच्या पुढाकाराने, पश्चिम बंगाल व ओडिशातील शेतांत फिरून मधमाशांच्या प्रकृतीची पाहणी केली आहे. तिचे निष्कर्ष पुढे येतीलच.

या भागात मधमाशांच्या मुख्यतः पाच जाती आढळतात आणि त्या महाराष्ट्रातील वाचकांनाही परिचयाच्या आहेत. उंच झाडांवर, पाण्याच्या टाक्यांखाली आणि इमारतींच्या सज्जांवर एकच मोठे उघडे पोळे बांधणारी आग्या माशी; झाडाच्या ढोलीत अथवा भिंतीच्या पोकळीत एकामागे एक समांतर पोळी रचणारी सातेरी; झुडपांत तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी; आणि जवळजवळ डंखहीन अशी लहानशी कोती. पाचवी युरोपीय मेलिफेरा. ती येथील मूळची नव्हे. हिमाचलातील नगरोटा बगवान येथे १९६२ ते १९६४ या काळात तिचे यशस्वी आगमन झाले आणि अधिक मध देत असल्याने पुढील काही दशकांत ती उत्तर व पूर्व भारतातील मधपाळांची मुख्य माशी ठरली. पहिल्या चार देशी, पाचवी पाहुणी, हा भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. कारण रोगांची अर्धी कहाणी या भेदातच दडलेली आहे. यांखेरीज एकेकट्या राहणाऱ्या रानमाशांच्या शेकडो जाती भारतात आहेत. त्या मध साठवीत नाहीत, म्हणून त्यांची कोणी मोजदाद करीत नाही; परागीभवनाचे काम मात्र त्या निमूटपणे करीत असतात.

रक्तपिपासू पाहुणा

मधमाशीचा आजचा सर्वांत घातक शत्रू म्हणजे व्हरोआ नावाचा माइट, म्हणजेच कोळ्यांच्या कुळातील एक सूक्ष्म परोपजीवी. तांबूस तपकिरी रंगाचा, खेकड्याच्या पाठीसारखा चपटा आणि जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीचा हा जीव माशीच्या अंगाला चिकटतो. तो तिचे रक्त शोषतो असा समज कित्येक वर्षे होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने मात्र दाखवून दिले, की त्याचे खरे भक्ष्य माशीच्या शरीरातील मेदपेशी हे असते. माणसाच्या शरीरात यकृत जे काम करते, साधारणतः तेच काम माशीच्या शरीरात या पेशी करतात. अन्नसाठा, विषाचा निचरा आणि रोगप्रतिकार ही तिन्ही कामे त्यांच्याकडे असतात. म्हणजे हा चोर केवळ तिजोरी लुटत नाही, तर पहारेकऱ्यालाही जायबंदी करतो.

त्याच्या प्रजननाची रीत मोठी धूर्त आहे. अळी पूर्ण वाढून तिच्या घरावर कामकरी माशा मेणाचे झाकण घालण्याच्या बेतात असतात, नेमक्या त्या वेळी माइटची मादी आत शिरते. झाकण पडले, की ती बंद कोठडीत कोशाच्या अंगावर राहून अंडी घालते. पहिल्या अंड्यातून नर निपजतो, त्यानंतर सुमारे तीस तासांच्या अंतराने माद्या निपजतात, आणि बहीणभावांचेच मीलन होते. कामकरी माशीचे घर सुमारे बारा दिवस बंद असते, नराचे सुमारे चौदा. ते दोन जादा दिवस माइटला लाभाचे असतात, म्हणून त्याची पसंती नरांच्या घरांना असते. नवी माशी बाहेर पडते, तेव्हा तिच्यासोबत जननक्षम माद्याही बाहेर येतात आणि वाढ चक्रवाढीने होत जाते.

व्हरोआचे मूळ यजमान म्हणजे आशियातील सातेरी. या दोघांचे वैर अतिप्राचीन आहे आणि म्हणूनच ते आटोक्यात आहे. सातेरीच्या कामकरी माशा एकमेकींचे अंग साफ करून माइट उचकटतात. माइट फार झालेल्या नरांची घरे त्या उघडीतच नाहीत, त्यांना जिवंतपणी समाधी देतात. सातेरीच्या कामकरी अळीला माइट चावला तर ती अळी लवकर दगावते आणि दाया तिला माइटसह बाहेर फेकतात, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. एका अळीचा दुबळेपणा हेच संपूर्ण वसाहतीचे बळ ठरते. या सर्वांमुळे सातेरीच्या पोळ्यात माइटला फक्त नरांच्या हंगामातच वाढता येते.

विसाव्या शतकात माणसाने मेलिफेराच्या पेट्या सातेरीच्या प्रदेशात आणून ठेवल्या आणि माइटला दुसरे घर सापडले. मेलिफेराला या शत्रूची ओळख नव्हती. तिच्या कामकरी अळ्यांच्या घरांतही तो वर्षभर वाढू लागला. भारतात २००४ नंतरच्या दोनतीन वर्षांत उत्तरेकडील राज्यांतील मधपाळांनी मेलिफेराच्या असंख्य वसाहती या माइटमुळे गमावल्या. ज्या जातीच्या माइटने हा उत्पात केला, तिचे स्वतंत्र वर्णन २००० साली झाले आणि तिला ‘संहारक’ या अर्थाचे शास्त्रीय नाव देण्यात आले. अनेक वर्षे या माइटपासून मुक्त राहिलेल्या ऑस्ट्रेलियात तो जून २०२२ मध्ये आढळला. हजारो पेट्या नष्ट करूनही त्याचे उच्चाटन साधेना, तेव्हा सप्टेंबर २०२३ मध्ये त्या देशाने निर्मूलनाचा प्रयत्न सोडून नियंत्रणाचा मार्ग पत्करला.

डास आणि माइट

एकट्या माइटमुळे वसाहत सहसा तडकाफडकी मरत नाही. तिला मारतात ते त्याच्या तोंडावाटे शिरणारे विषाणू. हे समजून घेण्यासाठी कोलकात्याचेच उदाहरण समर्पक ठरेल. १८९८ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी याच शहरात पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करून डास हा त्या रोगाच्या परोपजीवीचा वाहक असल्याचे सिद्ध केले आणि पुढे १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या बाबतीत जी भूमिका डासाची, तीच माशीच्या बाबतीत माइटची. पंख चुरगळून टाकणारा एक विषाणू मधमाशांत पूर्वापार होता, पण तो क्वचित आढळे आणि फारसा उपद्रव देत नसे. हवाई बेटांवर व्हरोआचा शिरकाव होताच या विषाणूचा आढळ सुमारे १० टक्के वसाहतींवरून १०० टक्क्यांपर्यंत पोहोचल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. अशा वसाहतीतील कोवळ्या माशा चुरगळलेल्या पंखांनी पेटीसमोर खुरडत हिंडताना दिसतात. त्या कधीच उडू शकत नाहीत.

दुसरा माइट ट्रॉपिलॅलॅप्स या नावाचा. तो व्हरोआपेक्षा लहान, लांबट आणि अधिक चपळ असतो. त्याचे मूळ यजमान आग्या माशी. त्याच्या तोंडाची रचना अशी, की प्रौढ माशीच्या टणक त्वचेतून त्याला अन्न घेता येत नाही. कोवळ्या अळ्या व कोश नसतील तर तो थोड्याच दिवसांत उपाशी मरतो. आग्या माशीच्या स्थलांतराचा एक लाभ येथे ध्यानी येतो. फुलोरा संपताच ती पोळे सोडून दूरवर निघून जाते. प्रवासाच्या व विसाव्याच्या काळात थव्यात अळी नसते. परिणामी अंगावर उरलेले बहुतेक माइट वाटेतच मरतात आणि थवा जवळजवळ निरोगी होऊन नव्या जागी पोहोचतो. पेटीतील मेलिफेराला मात्र मधपाळ वर्षभर साखरेचा पाक देऊन राणीला अंडी घालीत ठेवतो. त्यामुळे या माइटला अन्नाचा कधीच तुटवडा पडत नाही. आशियापुरता मर्यादित समजला जाणारा हा माइट २०२४ मध्ये जॉर्जिया व रशियाच्या दक्षिण भागातही आढळल्याची नोंद झाली आणि युरोपातील मधपाळांत चिंता पसरली.

विषाणू, जीवाणू आणि बुरशी

परकी माशी आली म्हणून देशी माशी सुरक्षित राहिली, असेही नाही. सातेरीवर कोसळलेले सर्वांत मोठे अरिष्ट म्हणजे थाई सॅकब्रूड हा विषाणुजन्य रोग. १९७६ मध्ये थायलंडमध्ये प्रथम दिसलेला हा रोग १९७८ च्या सुमारास मेघालयात उतरला आणि तेथून देशभर पसरला. १९९१-९२ नंतर दक्षिण भारतात त्याने जो हाहाकार माजवला, त्यात सातेरीच्या पाळीव वसाहतींपैकी ९० टक्क्यांच्या आसपास नष्ट झाल्याचे सांगितले जाते. या रोगात अळीचा कोश होतच नाही. तिच्या त्वचेखाली पाणी साठून ती पिशवीसारखी फुगते, डोके वर वळते आणि वाळल्यावर ती लहानशा होडीसारखी दिसते. या रोगावर औषध नाही. त्या संहारातून ज्या थोड्या वसाहती तगल्या, त्यांच्याच वंशातून पुढची सातेरी उभी राहिली.

जीवाणुजन्य रोगांच्या अभ्यासात महाराष्ट्राचे नाव आदराने घ्यावे लागेल. अळ्या कुजून वास येणाऱ्या ‘युरोपीय फाउलब्रूड’ या रोगाचा सातेरीतील प्रादुर्भाव दिवाण, क्षीरसागर, गोडबोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रथम नोंदवला. पुण्यात १९६२ पासून कार्यरत असलेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि महाबळेश्वर येथील मध संचालनालय यांनी या क्षेत्रात दीर्घकाळ काम केले आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर या गावाला मे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून मान्यता मिळाली, तीही या परंपरेचेच फलित होय.

यांखेरीज नोसेमा नावाचा सूक्ष्म बुरशीजन्य परोपजीवी माशीच्या आतड्यात वाढतो आणि तिचे आयुष्य घटवतो. त्याची एक जात युरोपात फार पूर्वीपासून माहीत होती. दुसरी १९९६ मध्ये सातेरीत सापडली आणि नंतर ती जगभरच्या मेलिफेरातही असल्याचे उघड झाले. मेणपतंगाच्या अळ्या दुबळ्या वसाहतीची पोळी पोखरतात, गांधीलमाश्या दारातच माशांना पकडतात, आणि वेडा राघू तारेवर बसून उडत्या माशा टिपतो. परंतु वेडा राघू किंवा गांधीलमाशी हे निसर्गाच्या हिशेबातील खर्च आहेत. सशक्त वसाहत तो खर्च सहज सोसते. चिंता आहे ती हिशेबाबाहेरच्या खर्चाची.

गंध हरवलेली माशी

हा हिशेबाबाहेरचा खर्च म्हणजे कीटकनाशके. कोलकाता विद्यापीठातील प्रियदर्शिनी चक्रवर्ती, पार्थिब बसू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेले संशोधन या संदर्भात मुळातून समजून घेण्यासारखे आहे. त्यांनी भरपूर कीटकनाशके वापरणाऱ्या शेतांतील आणि अल्प किंवा अजिबात न वापरणाऱ्या भागांतील सातेरी माशा गोळा केल्या व त्यांची तुलना केली. फुलाचा सुगंध येताच मधाच्या आशेने सोंड बाहेर काढणे ही माशीची सहज प्रतिक्रिया असते. कीटकनाशकांच्या पट्ट्यातील माशांमध्ये ही प्रतिक्रिया लक्षणीयरीत्या मंदावलेली आढळली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या स्पर्शिकांवरील गंधग्राही रोमांमध्ये विकृती दिसली, तर मेंदूत संदेशवहनासाठी लागणाऱ्या मुक्त कॅल्शियमचे प्रमाण घटलेले होते. प्रयोगशाळेतील नियंत्रित प्रयोगांनीही याच निष्कर्षांना दुजोरा दिला.

याचा अर्थ गंभीर आहे. कीटकनाशकाने माशी जागच्या जागी मेली, तर शेतकऱ्याला तिचे कलेवर दिसते आणि तो सावध होण्याची शक्यता असते. पण येथे माशी जिवंत असते, उडत असते, केवळ तिला गंध येत नाही. फुलाचा पत्ता न लागलेली माशी रिकाम्या हाताने परतते; परागीभवन होत नाही आणि वसाहतीत अन्नही येत नाही. अर्धपोटी वसाहत रोगाला अधिक लवकर बळी पडते. माइट, विषाणू, विष आणि उपासमार हे चार शत्रू एकेकटे येत नाहीत. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी दार उघडून ठेवतो. म्हणूनच ‘मधमाशा कशाने मरतात?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही.

विसंगती अशी, की नुकसान बहुधा अजाणतेपणी होते. मोहरीवर मावा पडतो तो नेमका फुलोऱ्याच्या सुमारास. शेतकरी पीक वाचवण्यासाठी सकाळी फवारणी करतो आणि त्याच वेळी माशा फुलांवर असतात. मावा मरतो, पण दाणा भरण्यास मदत करणारा हातही लुळा पडतो. पार्थिब बसू आणि सहकाऱ्यांनी देशातील भाजीपाल्याच्या उत्पादनाची काही दशकांची आकडेवारी तपासली, तेव्हा कीटकांच्या परागीभवनावर अवलंबून असलेल्या भाज्यांची उत्पादकता सुमारे १९९३ पासून खुंटल्याचे किंवा घटल्याचे आढळले. ज्या भाज्यांना कीटकांची गरज नाही, त्यांत मात्र तसे दिसले नाही. आकड्यांच्या अशा तुलनेने कारण पूर्णतः सिद्ध होत नसले, तरी इशारा पुरेसा स्पष्ट आहे. बंगालमधील परवराच्या मळ्यांत नर व मादी वेली वेगवेगळ्या असल्याने शेतकरी भल्या पहाटे नर फूल हाती घेऊन मादी फुलांना परागस्पर्श करताना दिसतात. निसर्गात विनामूल्य होणारे काम मजुरीने करून घ्यावे लागले, तर त्याचे मोल किती होते, याची कल्पना त्यावरून यावी.

शहरातील माशीवर आणखी एक भार असतो, तो दूषित हवेचा. बंगळुरूत आग्या माशांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, अधिक प्रदूषित भागांतून पकडलेल्या माशांपैकी ८० टक्क्यांहून अधिक माशा चोवीस तासांच्या आत दगावल्या. त्यांच्या अंगावर धूलिकणांचे थर होते आणि हृदयाच्या ठोक्यांतही बिघाड दिसला. हिवाळ्यात कोलकात्यावर जे धुरकट आच्छादन पसरते, त्याखाली हीच आग्या माशी वावरते.

पेटी आणि अरण्य

या सर्व प्रश्नांची गुंतागुंत कोठे पाहायची असेल, तर ती कोलकात्याच्या दक्षिणेस सुंदरबनात. वसंतात खलसीची पांढरी फुले उमलतात आणि आग्या माशांचे थवे खारफुटीच्या वनात पोळी बांधतात. एप्रिलच्या सुमारास वनखात्याचा परवाना घेऊन ‘मौले’ म्हणून ओळखले जाणारे मध गोळा करणारे लोक बनबीबीची प्रार्थना करून नावांतून जंगलात शिरतात. हा मध सुप्रसिद्ध आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु त्याची किंमत कधी कधी माणसाच्या प्राणांनी मोजावी लागते, कारण हे वाघांचे वन आहे.

मौल्यांचा हा जीवघेणा धोका टाळण्यासाठी वनाच्या कडेला, कुंपणाच्या सुरक्षित बाजूला मेलिफेराच्या पेट्या ठेवून मध गोळा करण्याचा उपक्रम अलीकडच्या वर्षांत वनखात्याने हाती घेतला. माणसांचे प्राण वाचावेत आणि उत्पन्नही मिळावे, हा त्यामागील हेतू निर्विवाद स्तुत्य आहे. पण याच ठिकाणी पेटीतील माशी आणि अरण्यातील माशी एकाच फुलावर बसतात. फूल हे माशांचे जणू सार्वजनिक पाणवठ्याचे ठिकाण. एका माशीने मागे ठेवलेले विषाणू किंवा बीजाणू दुसरीच्या अंगी लागू शकतात. व्हरोआ सातेरीकडून मेलिफेराकडे गेला, ट्रॉपिलॅलॅप्स आग्याकडून मेलिफेराकडे गेला. आणि मेलिफेराच्या दाट वस्तीत वाढलेले विषाणू पुन्हा रानमाशांकडे परतू शकतात. पेट्या शेकडो किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या असतील, तर त्यांच्यासोबत कोणत्या जिल्ह्याचा रोग आला आहे, हे पाहिल्यावाचून कळणार नाही.

म्हणून प्रश्न पेट्या ठेवाव्यात की नाहीत, असा नाही. माणसाचे प्राण आणि माशीचे आरोग्य यांना तराजूच्या दोन पारड्यांत बसवण्याचेही कारण नाही. पेट्या वनाच्या काठी नेण्यापूर्वी त्यांची तपासणी व्हावी, रोगट वसाहती मागे ठेवाव्यात, एका ठिकाणी किती पेट्या असाव्यात याची मर्यादा पाळावी, आणि जेथे शक्य आहे तेथे देशी सातेरीला प्राधान्य मिळावे, एवढी खबरदारी घेतली तर दोन्ही हेतू साधता येतील.

त्यातच निसर्गाचे तडाखे आहेत. मे २००९ मधील आयला, मे २०२० मधील अम्फान आणि मे २०२१ मधील यास या चक्रीवादळांनी सुंदरबनाला हादरे दिले. अम्फानने तर कोलकात्यातील हजारो झाडे एका रात्रीत आडवी केली. हावड्याच्या शिवपूर येथील वनस्पती उद्यानालाही मोठी झळ बसली. ते वादळ २० मे रोजी किनाऱ्यावर आदळले. नेमका हाच दिवस २०१८ पासून जागतिक मधमाशी दिन म्हणून पाळला जातो, हा एक विषण्ण योगायोग होय. मोठे झाड पडते तेव्हा सावलीबरोबर फुलांचे एक भांडार आणि पोळे बांधण्याची एक जागाही नष्ट होते. नवे रोप लावले तरी ते भांडार भरण्यास पुष्कळ वर्षे जातात.

उपाय आणि व्यवहार

मधमाशीपालन हा अल्प भांडवलात सुरू होणारा, भूमिहीनालाही करता येणारा व्यवसाय आहे. केंद्र शासनाने २०२० मध्ये राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली आणि २०२१ मध्ये मधपाळांच्या नोंदणीसाठी ‘मधुक्रांती’ हे संकेतस्थळ सुरू झाले. परंतु येथे भांडवल म्हणजे पेटीची फळी नव्हे, तर तिच्यातील सजीव वसाहत. गाय आजारी पडली तर ती दिसते. वसाहत आजारी पडली, तर झाकण उघडून पाहणाऱ्यालाच ते दिसते. म्हणून या व्यवसायात नियमित तपासणी हाच खरा विमा.

तपासणी अवघडही नाही. सुमारे तीनशे माशा जाळीच्या झाकणाच्या बरणीत घेऊन त्यांवर पिठीसाखर टाकून हलके घोळवले, की माइट सुटून खाली पडतात आणि मोजता येतात. माशांना इजा होत नाही. नरांच्या घरांचा पट्टा कापून काढला तर तेथे दडलेले माइट त्यासोबत जातात. राणीला काही दिवस पिंजऱ्यात ठेवून अंडी घालणे थांबवले, तर आग्या माशी स्थलांतरात जो लाभ मिळवते, तोच पेटीतही काही अंशी मिळतो. फॉर्मिक व ऑक्झॅलिक आम्लांचा वापर जाणकारांच्या मार्गदर्शनाखाली, मध काढण्याचा काळ टाळून करता येतो. दुबळ्या वसाहती एकत्र करणे, जुनी काळी पोळी बदलणे आणि रोगट पेटीची अवजारे दुसऱ्या पेटीत न वापरणे हे साधे नियम निम्मे संकट टाळतात.

टाळायचा मार्गही ध्यानात ठेवावा. जीवाणुजन्य रोग आवरण्यासाठी कित्येक ठिकाणी सर्रास प्रतिजैविके पाजली गेली. त्यांचे अंश मधात उतरले. २०१० मध्ये युरोपीय संघाने प्रतिजैविकांचे व जड धातूंचे अंश यांच्या कारणावरून भारतीय मधाची आयात थांबवली आणि पुढील वर्षी निर्बंध उठेपर्यंत निर्यातदारांसोबत हजारो मधपाळांनाही त्याची झळ सोसावी लागली. रोग लपवण्यासाठी केलेला उपाय कधी कधी रोगापेक्षा महाग पडतो.

शेतकऱ्यासाठी नियम एकच: फुलोऱ्यात फवारणी टाळावी, आणि अगदीच अपरिहार्य असेल तर सूर्यास्तानंतर, माशा पोळ्यात परतल्यावर करावी व शेजारच्या मधपाळाला आधी सूचना द्यावी. नगरवासीयांनाही हातभार लावता येतो. सज्जावर आग्या माशीचे पोळे दिसताच ते जाळण्याऐवजी हंगाम संपेपर्यंत थांबले, तर ती बहुधा आपणहून निघून जाते. धोकादायक ठिकाणी असेल तर जाणकाराला बोलवावे. सोसायटीच्या आवारात केवळ शोभेची झाडे न लावता जांभूळ, करंज, कडुलिंब, शेवगा, तामण यांना जागा द्यावी. महाराष्ट्राचे राज्यफूल असलेली तामण बंगालमध्ये ‘जारूल’ या नावाने ओळखली जाते आणि वैशाखात कोलकात्याचे रस्ते जांभळे करते; दोन्ही प्रदेशांतील माशांना ती पराग पुरवते.

मधमाशी आपल्याकडून व्याज मागत नाही. मोहरीच्या शेतापासून खारफुटीच्या वनापर्यंत ती जे काम करते, त्याचे देयक कोणत्याही हिशेबाच्या वहीत नोंदले जात नाही. त्यामुळेच तिचे देणे थकले आहे, हेही सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या ठेवीचे व्याज आपण पिढ्यान् पिढ्या खात आलो, त्या ठेवीचे मुद्दल म्हणजे तिचे आरोग्य होय. ते राखण्याची जबाबदारी मधपाळ, शेतकरी, शासन आणि ग्राहक या सर्वांवर सारखीच आहे.